साडूभाऊंच्या वह्या आणि माझे ब्याऐंशी टक्के

माझ्या थोरल्या साडूंइतके खरे लिहिणारा माणूस साऱ्या भोपाळात दुसरा नाही. त्यांच्या शेताच्या एकशे सदतीस वह्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या सगळ्यांत मिळून खोटी अशी एकच ओळ आहे. ती ओळ माझ्या हातची आहे. सहा वर्षे ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. ती आरंभीच सांगून टाकतो, कारण पुढे साडूभाऊंच्या विक्षिप्तपणाच्या ज्या गमती येणार आहेत त्या वाचताना, सांगणारा कोणी शहाणा आणि नीटनेटका गृहस्थ असावा, असा वाचकांचा समज होऊ नये.

साडूभाऊ म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अमरावतीचे. नोकरीची सारी वर्षे त्यांनी पिपलानीतल्या क्वार्टरात राहून, शेजारच्या प्रचंड सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. तिथे त्यांचे काम एवढेच होते, की दुसऱ्यांनी केलेला सुटा भाग मोजायचा आणि केसभर चुकला असेल तर त्यावर लाल रंगाने फुली मारायची. निवृत्तीनंतर त्यांनी अवधपुरीत घर बांधले आणि रायसेनच्या वाटेवर आठ एकर जमीन घेतली. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेल्या इतरांनीही जमिनी घेतल्या. त्यांनी तिथे झोपाळे टांगले, रविवारी मित्रांना बोलावून वांगी भाजली आणि उरलेले सहा दिवस जमीन देवाच्या भरवशावर सोडली. साडूभाऊंनी पहिल्या दिवशी नारळ फोडण्याच्या आधी जमिनीची मोजदाद केली. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आजही लिहिलेले आहे : ‘विहीर १. बाभळी ४, पैकी १ संशयास्पद.’ त्या बाभळीने काय केले होते हे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर तिच्यापुरती वेगळी वही त्यांनी काढून दाखवली असती, याची मला खात्री आहे.

आठ एकरांचे त्यांनी अकरा खंड पाडले. प्रत्येक खंडाला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला वही. कोणत्या दिवशी काय पेरले, बियाणे कोणत्या पोत्यातले, कोणते औषध किती पाण्यात मिसळून फवारले, तेव्हा वारा कोणीकडून होता, शेंगा केव्हा धरल्या, किती वाळल्या, किती उंदरांनी नेल्या, हे सगळे त्या वह्यांत आहे. पेरूच्या प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला आहे. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, गाईंना गौरी, तांबू अशी नावे देत, पण वहीत त्या ‘पशु क्र. १’ आणि ‘पशु क्र. ३’ होत्या. पशु क्रमांक दोनचे काय झाले असे एका पाहुण्याने विचारले, तेव्हा साडूभाऊ कपाटाकडे गेले. ती वही काढून त्यांनी शेवटचे पान त्याच्यापुढे धरले. त्यावर तापाचे आकडे होते आणि शेऱ्याच्या रकान्यात एवढेच : ‘आज पाणी प्यायली नाही. माझ्याकडे पाहिले.’ त्यानंतरचे सारे पान कोरे होते. पुढे आलेल्या गाईला त्यांनी तो क्रमांक दिला नाही.

हा शेऱ्याचा रकाना म्हणजे साडूभाऊंचे अंतःकरण होते. बाकीचे सगळे रकाने आकड्यांचे. एकदा शेताच्या कुत्र्याचे नाव कुठे घालावे असा प्रश्न त्यांना पडला. तो जनावर होता, पण दूध देत नव्हता. अखेर तो ‘संरक्षण साहित्य’ या सदरात, कुलपांच्या खाली आणि काटेरी तारेच्या वर नोंदला गेला. शेरा असा : ‘स्वभावाने फार विश्वासू. चोरांवरही विश्वास ठेवतो.’ सगळ्या वह्यांची मिळून आणखी एक वही होती, जिच्यात कोणती वही कोणत्या कपाटात आहे हे लिहिलेले असे. ती वही कुठे आहे हे मात्र फक्त ताईंना ठाऊक असे, कारण ती शोधण्यात साडूभाऊंचा दिवसाकाठी एक तास जात असे आणि त्या तासाची नोंद करण्याची हिंमत त्यांना झाली नव्हती.

त्यांच्या जिभेवर कायम संताप असे, आणि तो बहुधा एकाच शब्दावर असे. तो शब्द म्हणजे ‘अंदाजे’. भोपाळात हा शब्द ‘लगभग’ होऊन येतो, ‘हो जाएगा’ होऊन येतो, कधी नुसता हात हवेत हलवून येतो. तो कोणत्याही वेशात आला तरी साडूभाऊ त्याला ओळखत. खत देणारा दुकानदार म्हणाला, “बाबूजी, एकड़ में दो-तीन बोरी डाल दो,” तर साडूभाऊ दुकानाच्या पायरीवरच उभे राहून विचारत, “दो, के तीन? बीच में एक पूरी बोरी पड़ी है भाई, वो किसके सर पे डालूँ?” डॉक्टरांनी पोटात कधीपासून दुखते असे विचारले तेव्हा त्यांनी खिशातून एक तक्ता काढून दिला. त्यात दुखण्याच्या वेळा, जागा आणि तीव्रता होती, तीव्रता एक ते दहा या मापात. डॉक्टरांनी तो तक्ता वाचून कौतुकाने मान हलवली आणि म्हणाले, “यानी लगभग दो महीने से.” साडूभाऊ तिथून उठून निघाले होते. ताईंनी सदऱ्याला धरून बसवले.

सर्वांत बिकट प्रसंग लग्नांतले. टी. टी. नगरातल्या एका सभागृहात आमच्या भाचीचे लग्न होते. वधूपक्षाचे म्हणून आम्ही दोघे साडू जेवणाच्या टेबलांपाशी उभे होतो. भरली वांगी उत्तम झाली होती. साडूभाऊंनी एक वांगे खाल्ले, दुसरे खाल्ले आणि वाढप्याला विचारले, “ये बैंगन कहाँ के हैं?”

“बाज़ार के, बाबूजी.”

“बाज़ार में बैंगन उगते हैं क्या?”

“उगने का तो पता नईं, मिलते वहीं हैं,” तो म्हणाला, आणि आणखी दोन वांगी त्यांच्या ताटलीत घालून पुढे सरकला.

साडूभाऊंचा चेहरा लाल झाला. संताप आला की त्यांच्या बोलण्यात अमरावती डोकावू लागे. “काय करून राह्यले हे लोक, धाकटे?” ते मला म्हणाले. ते मला नावाने कधीच हाक मारत नाहीत. “तीनशे माणसं जेवून राह्यली, आणि एकालाही ठाऊक नाही की आपण कोणाच्या शेतातलं खाऊन राह्यलो. त्यावर फवारा कोणता मारला, कधी मारला, कोण सांगणार? ही वांगी पोरकी आहेत.” मग खिशातली छोटी वही काढून त्यांनी लिहिले : ‘वांगी. मूळ अज्ञात. चव चांगली.’ मी हसलो. सभागृहातले निम्मे नातेवाईक हसले.

आज त्या हसण्याचा मला राग येतो. आपल्याकडे खरे मोजणाऱ्या माणसाची गंमत होते आणि ठोकून देणाऱ्याची बढती होते, हे मी उभ्या आयुष्यात पाहिले आहे. मी स्वतः राज्य शासनाच्या एका कार्यालयात तीस वर्षे फायली हाताळल्या. राज्यांची फेररचना झाली तेव्हा माझे वडील नागपूरहून कार्यालयाबरोबर इथे आले, आणि त्यांच्यामागून मीही त्याच टेबलांच्या रांगेत बसलो. कागदावरचा आकडा कसा जन्माला येतो हे मला चांगले ठाऊक आहे. एकदा कुठल्याशा कार्यालयातले एक अधिकारी साडूभाऊंचे शेत पाहायला आले. त्या वर्षीच्या उत्तम शेतकऱ्याच्या निवडीसाठी त्यांना नाव हवे होते. वह्या पाहून ते थक्क झाले. फक्त सोयाबीनच्या उत्पन्नाचा आकडा त्यांना जरा किरकोळ वाटला. “इसको थोड़ा गोल कर देते हैं, साहब,” ते प्रेमाने म्हणाले. साडूभाऊंनी त्यांच्या हातातून वही काढून घेतली, त्यांना चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवताना सांगितले, “गोल हमारे यहाँ सिर्फ़ पहिए हैं, ट्रॅक्टर के.” निवड दुसऱ्याच कोणाची झाली. त्या दुसऱ्याकडे वहीच नव्हती. घरी हा किस्सा ऐकून ताई म्हणाल्या, “माझ्या लोणच्यालासुद्धा खंड क्रमांक विचारतात हे. मी एक बरणी शेजारी लपवून ठेवली आहे, तेवढी तरी सुखानं मुरू दे.” आम्ही सगळे पुन्हा हसलो. त्यांच्या मुलीने मोबाइलवर शेतीच्या नोंदींचे ॲप घालून दिले, तेव्हा त्यांनी ते आठवडाभर मनापासून वापरले आणि मग बाजूला ठेवले. म्हणाले, “यात ‘इतर’ असा एक रकाना आहे. शेतात ‘इतर’ असं काही नसतं. प्रत्येक गोष्टीला नाव असतं, शोधायचा कंटाळा असतो.”

या शेतात एक माणूस असा होता, जो साडूभाऊंना कधीही हसला नाही. त्याचे नाव भागीरथ. शेजारच्या गावचा, माझ्याच वयाचा. साडूभाऊंनी जमीन घेतली तेव्हापासून पेरणी, त्याच्या भाषेत ‘बोवनी’, तोच करायचा. आधी त्याने वडिलांच्या बैलांमागे पेरले होते, नंतर ट्रॅक्टर आला, पण हात तोच. यंत्राच्या मागे थोडे चालून, वाकून, बोटाने माती उकरून तो दाणा पाहायचा आणि फणाची खोली दोरा धरल्यासारखी जमवून घ्यायचा. त्याला लिहिता येत नव्हते. साडूभाऊ पट्टी घेऊन त्याच्यामागे फिरत, दहा ठिकाणी खोली मोजत, आणि दरवर्षी शेऱ्यात लिहीत : ‘पेरणी सव्वा इंच, सर्वत्र. भागीरथ.’ नुसते नाव. त्यांच्या वहीत यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती.

साडूभाऊंनी कारखान्यातून एक नियम आणला होता : ज्याने काम करायचे, त्याने त्याची तपासणी करायची नाही. म्हणून पेरणीच्या आधी बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याचे काम भागीरथकडे नसे, ते साडूभाऊ स्वतः करत. सोयाबीनचे दाणे मोजून शंभर घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे आणि आठव्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचे. अशा चार गुंडाळ्या. घरच्या बियाण्यात सत्तराहून अधिक उगवले तर ते पेरायचे, नाहीतर दुसरे आणायचे. सहा वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, नेमके याच वेळी त्यांना पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जावे लागले. पलंगावरून त्यांनी चार गुंडाळ्या माझ्या हाती दिल्या. “धाकटे, तुम्ही सरकारी माणूस,” ते म्हणाले, “नोंद करायची तुम्हाला सवय आहे. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही.”

मी त्या गुंडाळ्या घरी नेऊन न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवल्या. दोन दिवस पाणी शिंपडले. तिसऱ्या दिवशी विसरलो, आणि मग विसरतच गेलो. त्याचे कारण मी पुष्कळ शोधले. घरात आजारपण नव्हते, पाहुणे नव्हते, कचेरीत काम नव्हते. मी फक्त विसरलो. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी बादलीमागे पाहिले. गोणपाट पापडासारखे कडक झाले होते. काही दाण्यांना मोड येऊन ते वाळले होते, काही तसेच होते, आणि कोणता दाणा जिवंत होता आणि कोणता मेलेला हे सांगणे आता कोणालाही शक्य नव्हते. “किती?” त्यांनी विचारले. पेरणीला अजून तीन आठवडे होते. ‘चुकलो, पुन्हा लावतो’ एवढे म्हटले असते तर आठ दिवसांत सगळे नीट झाले असते. मी म्हणालो, “ब्याऐंशी.”

ब्याऐंशीच का, हेही सांगतो. नव्वद म्हटले असते तर त्यांनी आनंदाने चार प्रश्न विचारले असते. सत्तराच्या आसपास सांगितले असते तर पुन्हा चाचणी करायला लावली असती. ब्याऐंशी हा कोणाचेही लक्ष वेधून न घेणारा आकडा आहे. नंतर त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मी चार गुंडाळ्यांचे चार निरनिराळे आकडे लिहिले. त्र्याऐंशी, ऐंशी, चौऱ्याऐंशी, एक्याऐंशी. चारही सारखे लिहिले तर संशय येतो, हे मला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवले होते. साडूभाऊंनी बेरीज केली, चाराने भागले आणि समाधानाने मान हलवली.

त्या वर्षी खंड चार, पाच आणि सहा निम्मे रिकामे राहिले. कुठे चार रोपे, मग वीतभर मोकळी जमीन, मग दोन रोपे. साडूभाऊ अजून पोटाला पट्टा बांधून होते. काठी टेकत ते बांधावर आले, आणि मीही त्यांच्याबरोबर होतो. भागीरथने माती उकरून एक कुजलेला दाणा तळहातावर घेतला. “बाबूजी, दाने में दम नईं था,” तो म्हणाला. “बीज पहले से मरा हुआ था.”

“बीज मरा हुआ था?” साडूभाऊंनी वही उघडली. “ये देखो, बयासी. चार-चार बार गिना हुआ. इन्होंने गिना है, मैंने भी नहीं.” त्यांनी माझ्याकडे बोट केले. “बीज ठीक, ज़मीन ठीक, पानी ठीक. बचा कौन?”

भागीरथने माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी बांधावर बसून कपातला चहा पीत होतो. मी चहा संपवला. त्याच संध्याकाळी वहीत शेरा पडला : ‘उगवण निम्मी. बियाणे निर्दोष. कारण : पेरणी खोल. भागीरथची हयगय.’ पट्टीने मोजायला त्या वर्षी साडूभाऊ शेतावर नव्हते, म्हणून आकडा मात्र लिहिला नव्हता. आकड्यावाचून लिहिलेली ती त्यांची एकमेव नोंद असेल, आणि माझ्या आकड्यावर विसंबूनच ती लिहिली गेली होती.

साडूभाऊंनी भागीरथला काढले नाही, आवाजही चढवला नाही. त्याला पेरूची बाग आणि गोठा दिला आणि पेरणीसाठी बाहेरचा ट्रॅक्टरवाला बोलावू लागले. भागीरथनेही वाद घातला नाही. फक्त दरवर्षी पेरणी सुरू झाली की तो दोन दिवस बायकोच्या माहेरी निघून जाई. साडूभाऊ लिहीत : ‘भागीरथ. रजा २ दिवस. कारण घरगुती.’ ते कारण घरगुती नाही हे त्या शेतावर त्याच्याखेरीज फक्त मला ठाऊक होते. गावातली इतर माणसेही आपली पेरणी पूर्वी त्याच्याकडून करून घेत. बाबूजींनीच त्याच्या हातून यंत्र काढून घेतले म्हटल्यावर तेही हळूहळू दुसरा माणूस बघू लागले. दर वर्षी मी ठरवी की या खेपेला सांगायचे, आणि दर वर्षी मला वाटे की आता इतक्या उशिरा सांगून काय उपयोग. हा विचार मी पहिल्याच वर्षी केला होता, तेव्हा फक्त एक महिना उलटला होता.

यंदाच्या एप्रिलमध्ये एका सकाळी मी शेतावर गेलो होतो, तेव्हा त्या भागातल्या शेतकरी गटाच्या सचिव बाई आल्या. गटाने मिळून बियाणे तयार करण्याचे प्लॉट घ्यायचे ठरवले होते आणि सगळ्या प्लॉटांवर पेरणी पाहणारा एक कायमचा माणूस त्यांना हवा होता. भागीरथने स्वतःचे नाव दिले होते. सहा वर्षांत त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट. “बाबूजी, आपका लिखा सब मानते हैं,” बाई म्हणाल्या. “आप हाँ कह दें तो आज ही नाम चढ़ा देती हूँ.”

साडूभाऊ आता थकले आहेत. वही उचलायला त्यांना दोन्ही हात लागतात. त्यांनी ती सावकाश उघडली, पान काढले आणि भागीरथच्या शेऱ्यावर बोट ठेवले. “माणूस सोन्यासारखा आहे, धाकटे,” ते मला मराठीत म्हणाले. “पण हे लिहिलेलं आहे. यांनी मला विचारलं आणि मी हे झाकून ठेवलं, तर मग त्या गोल करणाऱ्या साहेबात आणि माझ्यात फरक काय राहिला?” आणि त्यांनी ती ओळ बाईंना हिंदीत वाचून दाखवली.

“तो फिर रहने दें?” बाईंनी पेनचे टोपण लावत विचारले.

मी म्हणालो, “थांबा.” मग जे होते ते सगळे सांगितले. गोणपाट, बादली, फोन, चार आकडे. मराठीत सुरुवात केली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा सगळे हिंदीत सांगितले, त्यामुळे ते मला दोनदा ऐकावे लागले.

साडूभाऊ भडकतील असे मला वाटले होते. सहा वर्षे ज्या संतापाला मी भीत होतो, तो आला असता तर बरे झाले असते. त्यांनी चष्मा काढला आणि तपासणी विभागातल्या आवाजात एकच प्रश्न विचारला. “चार आकडे वेगवेगळे कसे लिहिले?”

“मुद्दाम,” मी म्हणालो. “खरे वाटावेत म्हणून.”

“म्हणजे विसरलात हे एक. ते मी समजू शकतो. आकडे मात्र तुम्ही विचार करून लिहिले.” त्यांनी वहीची पाने मागे उलटली. मग स्वतःशीच म्हणाले, “त्या वर्षी पोती टिनाच्या नव्या शेडमध्ये ठेवली होती. एप्रिल, मे, दोन्ही महिने. ती शेड मी बांधली. दाणा तिथंच भाजला असेल. नेमकं हे सापडावं म्हणूनच तर चाचणी असते.” आता संताप आला, पण तो माझ्यावर नव्हता. “आणि मी काय करून राह्यलो होतो? तो हातावर दाणा घेऊन सांगून राह्यला होता, अन् मी त्याला कागद दाखवून राह्यलो होतो. पट्टी घेऊन एकदा खोली तरी मोजायची होती. शेतात दाणे होते, भागीरथ होता, पट्टी खिशात होती.” त्यांनी वही टेबलावर आपटली. एवढ्या वर्षांत त्यांना वही आपटताना मी प्रथमच पाहिले. बाई दचकल्या.

मग त्यांनी माझ्या चार आकड्यांवर पट्टीने एक रेघ ओढली आणि पेन माझ्या हातात दिले. मी खाली लिहिले : ‘वरील चारही आकडे मोजलेले नाहीत.’ सही केली, तारीख घातली. भागीरथच्या शेऱ्यावर त्यांनी स्वतः रेघ ओढली. खाली काय लिहावे हे त्यांना सुचेना. पेन टेकवले, उचलले, पुन्हा टेकवले. अखेर लिहिले : ‘पेरणीत दोष नव्हता. तपासणाऱ्यात होता.’ बाईंनी आपल्या कागदावर भागीरथचे नाव चढवले आणि त्या निघून गेल्या.

“वहीतलं झालं,” साडूभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले. “तो मात्र वही वाचत नाही. माझं मी त्याला आज सांगतोच. पण आधी तुम्ही जा.”

भागीरथ गोठ्यामागे कडबा कापण्याच्या यंत्रावर होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याने मान हलवून नमस्कार केला आणि पेंढी आत सारली. माझा आवाज मुळातच लहान, घरातली माणसेसुद्धा मला दोनदा बोलायला लावतात. मी जे बोललो ते यंत्राच्या घरघरीत गेले. “क्या बोले, साब?” त्याने कानाशी हात नेला. मी पुन्हा बोललो, थोडे मोठ्याने. त्याने मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. यंत्र बंद कर, असे मी खुणेने सांगू शकलो असतो. पण त्याला काम थांबवायला लावून माझे मन हलके करून घेण्याचा अधिकार मला आहे असे वाटेना. म्हणून मी छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात कधी बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने बोलू लागलो. मधेच केव्हातरी त्याने बटण बंद केले. ते माझ्या ध्यानात आले नाही, आणि उरलेली वाक्ये मी यंत्र थांबल्यावरच्या त्या शांततेत, बांधावर उभ्या साडूभाऊंना आणि शेजारच्या शेतातल्या माणसांना ऐकू जातील अशी, ओरडूनच पुरी केली :

“वो गिनती मैंने की ही नहीं थी, भागीरथ भाई. घर बैठे लिख दी थी. बीज मरा हुआ था, आपने कहा भी था, और मैं वहीं बैठा चाय पीता रहा. आपकी बोवनी में कोई खोट नहीं थी. छह साल की बोवनी मैंने आपके हाथ से छीनी है. वो मैं लौटा नहीं सकता. मुझे माफ़ कर दीजिए.”